साबण रोज संपतो, गोष्ट संपून चालत नाही

‘सोप ऑपेरा’ म्हणताना त्यातला साबण कुठे गेला, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. ऑपेरा तर त्यात कधी नव्हताच. ते नाव वर्तमानपत्रवाल्यांनी थट्टेने ठेवलं. साबण मात्र खराखुरा होता, वड्यांचा आणि पावडरीचा. अमेरिकेतली ‘गायडिंग लाइट’ ही मालिका रेडिओ आणि टीव्ही मिळून तब्बल ७२ वर्षं चालली. ती इतकी कशी चालली आणि शेवटी का थांबली, हे समजून घ्यायचं तर आधी साबणाचा हिशेब मांडावा लागतो.

आपल्याकडे कित्येक वर्षं रेडिओ म्हणजे आकाशवाणी आणि आकाशवाणी म्हणजे सरकार असंच होतं. अमेरिकेत रेडिओ पहिल्यापासून जाहिरातींच्या पैशांवर वाढला. एनबीसी, सीबीएस ही नेटवर्कं म्हणजे नाट्यगृहाचे मालक समजा. नाटक बसवायचं निर्मात्याने, लेखक-नटांचे पैसेही त्यानेच द्यायचे आणि वर नाट्यगृहाचं भाडं भरायचं. इथे निर्माता होती साबणाची कंपनी. संध्याकाळच्या वेळा महाग होत्या. दुपारच्या स्वस्त, कारण भर दुपारी रेडिओ ऐकणार कोण, असा सगळ्यांचा समज. सिनसिनाटीच्या प्रॉक्टर अँड गॅम्बलने उलटा विचार केला. दुपारी घरात जी बाई असते, तीच साबण आणते. धुणी-भांडी करताना तिचे हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात.

मग त्या कानांना काय ऐकवायचं? पाककृती सांगून झाल्या, घरगुती सल्ले देऊन झाले. पण पाककृती एकदा ऐकली की काम झालं. उद्या पुन्हा त्याच वेळी रेडिओ लावायला भाग पाडते ती गोष्ट, आणि तीही अर्धवट सोडलेली. साबणाची वडी झिजते, संपते, नवी आणावी लागते. धंदाच न संपणाऱ्या मागणीचा, म्हणून गोष्टही न संपणारी हवी. कादंबरीला शेवट असतो, सिनेमाला असतो. या प्रकाराला शेवट नसणं ही त्याची जन्माची अट होती.

ही अट कागदावर उतरवणारी बाई शिकागोची. आयर्ना फिलिप्स, जन्म १९०१. आधी शाळेत शिकवायची, मग शिकागोच्या डब्ल्यूजीएन रेडिओ केंद्रावर आली आणि १९३० मध्ये तिने ‘पेंटेड ड्रीम्स’ नावाची रोजची श्रुतिका लिहिली. दुपारच्या मालिकांतली पहिली म्हणून याच श्रुतिकेचं नाव घेतलं जातं. फिलिप्सची लिहायची पद्धत न्यारी होती. ती लिहीत नसेच, बोलत असे. खोलीत येरझाऱ्या घालत, प्रत्येक पात्राचा आवाज काढत ती संवाद म्हणायची आणि समोर बसलेली सेक्रेटरी ते टिपून घ्यायची. एकाच वेळी पाच-सहा मालिका तिच्या डोक्यात चालत. तिने लग्न केलं नाही. दोन मुलं दत्तक घेतली. लाखो गृहिणींसाठी संसाराच्या गोष्टी रचणाऱ्या बाईचा स्वतःचा संसार त्या साच्यातला नव्हता, हे मला या सगळ्या इतिहासात फार बोलकं वाटतं.

‘गायडिंग लाइट’चं बीजही तिच्या आयुष्यातच आहे. एकोणिसाव्या वर्षी, लग्नाआधी, ती गरोदर राहिली. पुरुषाने पाठ फिरवली आणि मूल मृत जन्मलं. त्या काळात शिकागोतले प्रेस्टन ब्रॅडली नावाचे धर्मोपदेशक रेडिओवर प्रवचनं करत, त्यांनी तिला आधार दिला. पुढे तिने मालिकेसाठी एक पाद्री उभा केला, रेव्हरंड जॉन रुथलेज. शिकागोजवळच्या ‘फाइव्ह पॉइंट्स’ या काल्पनिक वस्तीत तो राहतो. त्याच्या अभ्यासिकेच्या खिडकीत एक दिवा असतो. दिवा दिसला की समजायचं, कुणालाही केव्हाही दार वाजवायला हरकत नाही. मालिकेचं नाव त्या दिव्यावरून पडलं. २५ जानेवारी १९३७ रोजी एनबीसी रेडिओवर पहिला भाग गेला. पंधरा मिनिटांचा, आणि अर्थातच साबणवाल्यांच्या खर्चाने.

दोनच वर्षांत, १९३९ मध्ये, मालिका बंद केली गेली. श्रोत्यांची पत्रं येऊन पडली आणि १९४० च्या जानेवारीत ती पुन्हा सुरू झाली. असं पुढेही एकदा घडलं. आता त्या पत्रांकडे कंपनीच्या चष्म्यातून बघा. पत्र लिहिणारी प्रत्येक बाई म्हणजे साबणाची एक ग्राहक, जी स्वतःहून पोस्टाचं तिकीट लावून सांगते आहे की मी रोज ऐकते. यापेक्षा स्वस्त पाहणी कोणती?

पुढे पाद्रीबुवा मागे पडले. त्यांचं काम करणारा नट युद्धावर गेला, दिवा दुसऱ्या पाद्रींच्या हाती गेला, गोष्टीचं गाव शिकागोजवळून कॅलिफोर्नियात आणि १९६६ मध्ये ‘स्प्रिंगफील्ड’ला हललं. हे स्प्रिंगफील्ड नेमकं कुठल्या राज्यात, ते मालिकेने कधीच सांगितलं नाही. १९४८ मध्ये बावर नावाचं जर्मन स्थलांतरितांचं कुटुंब गोष्टीत आलं आणि पुढची कित्येक दशकं त्यांचा वाडा हाच मालिकेचा कणा राहिला. थोरले पापा बावर, त्यांची मुलं, सुना, नातवंडं. यातली सून बर्ट. तिचं काम करणाऱ्या नटीचं खऱ्या आयुष्यातलं आडनावही योगायोगाने बावरच, शरिटा बावर. ती १९५० मध्ये आली आणि तब्बल चौतीस वर्षं राहिली.

दीर्घ मालिकेचं पहिलं रहस्य इथे सापडतं. एका नायिकेवर गोष्ट उभी केली तर नायिका थकली की गोष्ट थकते. कुटुंबावर उभी केली तर माणसं येतात-जातात, घर राहतं. पाद्रीबुवांच्या नावाने सुरू झालेली मालिका त्यांच्याशिवाय साठ वर्षं चालू शकली, कारण फिलिप्सने दिवा माणसाला बांधून ठेवला नाही.

३० जून १९५२ ला ‘गायडिंग लाइट’ सीबीएस टीव्हीवर आली. रेडिओवरच्या बहुतेक मालिका टीव्ही येताच मेल्या. रेडिओवरून टीव्हीवर येऊन खऱ्या अर्थाने रुजली ती हीच. पण कंपनी साबणाचीच. हातातला रेडिओ लगेच कसा सोडेल? पुढची चार वर्षं मालिका दोन्हीकडे चालली. तेच नट, तीच संहिता. दुपारी पावणेएकला टीव्हीवर थेट प्रयोग करायचा, ‘थेट’ म्हणजे रीटेक नाही, चुकलं तर चुकलं. मग तेच संवाद त्याच दिवशी पुन्हा रेडिओसाठी म्हणायचे. टीव्हीसाठी पाठांतर हवं, रेडिओसाठी कागद हातात चालतो. १९५६ च्या जूनमध्ये रेडिओ बंद झाला, तेव्हा या मंडळींनी सुटकेचा श्वास सोडला असणार. त्या काळचे बहुतेक भाग आज उरलेले नाहीत. जपून ठेवावं असं कुणाला वाटलंच नाही. कालची वडी कोण सांभाळून ठेवतो?

दुपारच्या मालिका इतक्या संथ का, असं आजचा प्रेक्षक विचारतो. एकच बातमी चार पात्रं चार वेळा एकमेकांना सांगतात, एक संध्याकाळ आठवडाभर संपत नाही, दर वाक्यात समोरच्याचं नाव घेतलं जातं. याला लेखकाचा आळस म्हणणं सोपं आहे. खरं कारण स्वयंपाकघरात आहे. ऐकणारी इस्त्री करते आहे, मधेच दूधवाला येतो, मूल रडतं. तिचा बुधवारचा भाग बुडला तरी गुरुवारी तिला सगळं कळलं पाहिजे. म्हणून पुन्हा सांगणं. ती पडद्याकडे बघतेच असं नाही, म्हणून नाव घेऊन बोलणं. प्रसंग बदलला की ऑर्गन वाजायचा. तिच्यासाठी ती खूण असे, आता मान वर कर. आणि शुक्रवारी गोष्ट अशा जागी तोडायची की शनिवार-रविवार जाता जाऊ नये.

दर वर्षी साधारण अडीचशे भाग. १९७७ पासून मालिका तासाची झाली. जाहिराती वगळून चाळीस मिनिटं धरली तरी वर्षाला दीडशेहून जास्त तास होतात, म्हणजे अडीच तासांचे साठ-पासष्ट सिनेमे. तेही दर वर्षी, सुट्टी नाही, पुनःप्रक्षेपण नाही. हे एका लेखकाचं काम राहत नाही. मुख्य लेखक पुढच्या अनेक महिन्यांचा आराखडा करतो. त्यावरून दुसरे लेखक एकेका दिवसाचे प्रसंग पाडतात. तिसरी फळी त्यात संवाद भरते. या सगळ्यावर कंपनी आणि नेटवर्क दोघांची नजर असते. एका वेळी तीन-चार कथानकं वेगवेगळ्या टप्प्यांवर ठेवायची: एक पेटलेलं, एक धुमसतं, एक नुकतं पेरलेलं. एक विझायच्या आत दुसरं पेटलं पाहिजे. चुलीवर एक भांडं उतरवायच्या आधी दुसरं चढवणाऱ्या बाईला ही विद्या शिकवावी लागत नाही.

या कारखान्याच्या काही खास युक्त्या आहेत. नट बदलला तरी पात्र तेच राहतं. प्रेक्षक दोन दिवस कुरकुरतात आणि नवा चेहरा स्वीकारतात. मुलं झपाट्याने वाढतात, कारण तान्ह्या बाळाभोवती प्रेमकथा रचता येत नाही. बर्टचा मुलगा एड १९५० च्या दशकात पडद्यावर जन्मला आणि १९६० च्या दशकात डॉक्टर होऊन हजर झाला. मेलेली माणसं परत येतात, फक्त प्रेत सापडलेलं नसावं. स्मृती जाते आणि गरज पडेल तेव्हा परत येते. आपल्या मालिकांवर हसताना हे लक्षात ठेवावं. या युक्त्या सासू-सुनांच्या मालिकांच्या कितीतरी आधीच्या आहेत.

पण निव्वळ युक्त्यांवर सात दशकं निघत नाहीत. प्रेक्षक या गोष्टीत स्वतःला गुंतवून घेत, आणि लेखक कधीकधी त्या गुंतण्याचा फार चांगला उपयोग करत. १९५८ मध्ये फिलिप्सने कॅथी नावाच्या लाडक्या पात्राला अपघातात मारलं. चाकाच्या खुर्चीत बसलेली कॅथी रस्त्यावर गाडीखाली येते. संतापलेल्या प्रेक्षकांची पत्रं आली, पण फिलिप्स बधली नाही. त्याच सुमारास तिने ही मालिका आपल्या शिष्येच्या, अ‍ॅग्नेस निक्सनच्या, हाती दिली. स्वतःला तिने १९५६ मध्ये सुरू केलेल्या ‘अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स’ला वाहून घेतलं.

निक्सनची एक जवळची मैत्रीण गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेली होती. तिला वाटलं, लाखो बायका रोज बघतात ती जागा आपल्या हातात आहे, तर हे का सांगू नये? १९६२ मध्ये तिने ठरवलं की बर्ट बावरला हा आजार होईल, पॅप चाचणीत तो लवकर कळेल आणि ती बरी होईल. नेटवर्क आणि साबण कंपनीने परवानगी दिली, पण अट घातली: ‘कर्करोग’, ‘गर्भाशय’ आणि गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेचं नाव, हे तीन शब्द उच्चारायचे नाहीत. निक्सनने ते शब्द न वापरता पूर्ण कथानक लिहून दाखवलं. बाईच्या शरीरावर धंदा चालवणाऱ्यांना त्या शरीरातल्या अवयवाचं नाव सहन होत नव्हतं, आणि तरीही निरोप पोचला. वर्षानुवर्षं ओळखीच्या झालेल्या बर्टनेच तपासणीचं महत्त्व सांगितल्यावर कोण ऐकणार नाही? डॉक्टरचं भाषण अशा वेळी फिकं पडतं.

१९६६ मध्ये डॉक्टर जिम फ्रेझर आणि त्याची नर्स बायको मार्था ही कृष्णवर्णीय पात्रं आली. जिमचं काम जेम्स अर्ल जोन्स आणि बिली डी विल्यम्स यांनी केलं, मार्थाचं सिसिली टायसन आणि रूबी डी यांनी. पुढे ही चारही नावं अमेरिकी अभिनयात मोठी झाली. १९७९ मध्ये हॉली या पात्राने आपल्या नवऱ्यावर, रॉजर थॉर्पवर, बलात्काराचा आरोप केला. लग्नाच्या बायकोवर बलात्कार होऊ शकतो हे तेव्हा अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांचे कायदेही मानत नव्हते. भर दुपारच्या मालिकेत हा विषय यावा, ही साधी गोष्ट नव्हे. १९८४ मध्ये शरिटा बावरचा पाय आजारपणामुळे कापावा लागला, तेव्हा लेखकांनी बर्टचाही पाय कापला जातो असं दाखवलं आणि तिचं सावरणं पडद्यावर आणलं. पुढच्याच वर्षी शरिटा गेली.

आणि मग त्याच मालिकेत रीवा शेन येते. किम झिमरने १९८३ पासून रंगवलेली ही नायिका म्हणजे दुपारच्या मालिकांचा कळसच. जॉश लुईसवर तिचं जन्माचं प्रेम, पण लग्न आधी त्याच्या भावाशी, नंतर त्याच्या वडिलांशी आणि शेवटी त्याच्याशी. १९९० मध्ये ती गाडीसकट पुलावरून पाण्यात पडते, १९९५ मध्ये जिवंत सापडते. स्मृती गेलेली आणि राहते कुठे, तर वीज-मोटार नाकारून जुन्या पद्धतीने जगणाऱ्या आमिश लोकांत. १९९८ मध्ये जॉश तिला पुन्हा एकदा गमावल्याच्या दुःखात तिचा क्लोन तयार करवून घेतो. नंतर एका चित्रातून ती भूतकाळातही जाऊन आली. बर्टच्या पॅप चाचणीपासून रीवाच्या क्लोनपर्यंतचा हा प्रवास बघितला की मालिकेचं बिनसायला लागलं होतं हे कळतं. रोज काहीतरी अचाट द्यायची सवय लागली की साधी दुखणी पुरेनाशी होतात.

तरी मालिका क्लोनमुळे बंद पडली नाही. हिशेब बदलला, म्हणून पडली. दुपारी घरात असलेली बाई नोकरीला लागली. केबलमुळे तीन नेटवर्कांच्या जागी डझनावारी वाहिन्या आल्या. १९९५ मध्ये माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्प्सनचा खुनाचा खटला महिनोन्‌महिने दुपारी थेट दाखवला गेला, मालिकांचे भाग कापले गेले, आणि गेलेल्या प्रेक्षकांपैकी बरेच परतलेच नाहीत. नाट्यगृहाची उपमा इथे उलटी होते. रेडिओच्या काळात निर्माता नाट्यगृहाला भाडं देत होता. टीव्हीवर खर्च वाढला, जाहिराती अनेक कंपन्यांच्या झाल्या आणि प्रॉक्टर अँड गॅम्बलला मालिका दाखवण्यासाठी सीबीएस पैसे देऊ लागलं. प्रेक्षक घटले की पैसे देणारा प्रथम विचारतो, याऐवजी एखादा स्वस्तातला खेळ लावला तर? साबण कंपनीचीही गरज संपत आली होती. तीस सेकंदांची जाहिरात कुठेही विकत मिळत असताना स्वतःचं गाव, स्वतःचे बावर, स्वतःचे डॉक्टर कशाला सांभाळायचे?

२००८ मध्ये निर्मात्यांनी शेवटचा उपाय केला. मोठे कॅमेरे आणि तीन भिंतींचे सेट जाऊन हातात धरायचे हलके डिजिटल कॅमेरे आले. न्यू जर्सीतल्या पीपॅक या छोट्या गावात खऱ्या घरांत, खऱ्या रस्त्यांवर चित्रीकरण सुरू झालं. खर्च उतरला. पण जुन्या प्रेक्षकांना हलणारं चित्र आणि कोंदट आवाज रुचला नाही. १ एप्रिल २००९ ला सीबीएसने मालिका बंद करत असल्याचं जाहीर केलं. तारखेमुळे काहींना ती थट्टा वाटली असेल, पण नव्हती.

शेवटचा भाग १८ सप्टेंबर २००९ ला दाखवला गेला, टीव्हीवरचा १५,७६२ वा. एका दीपगृहापाशी रीवा आणि जॉश भेटतात, पिकअपमध्ये बसून निघून जातात आणि पडद्यावर ‘समाप्त’ अशी अक्षरं येतात. ७२ वर्षांत त्या मालिकेने न वापरलेला हा एकच शब्द होता. दोन-तीन आठवड्यांनी त्या जागेवर ‘लेट्स मेक अ डील’ हा बक्षिसांचा खेळ सुरू झाला. पुढच्या वर्षी ‘अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स’ही गेली आणि प्रॉक्टर अँड गॅम्बलची दुपार रिकामी झाली.

फिलिप्सची परंपरा मात्र दुसऱ्या वाटेने आपल्यापर्यंत आधीच पोचली होती. तिच्या हाताखाली तयार झालेल्या विल्यम बेलने १९८७ मध्ये ‘द बोल्ड अँड द ब्युटिफुल’ सुरू केली. नव्वदीत केबल आल्यावर आपल्याकडे स्टार प्लसवर दिसली ती हीच. घरात कुणी वडीलधारं आलं की घाईघाईने चॅनेल बदलायला लावणारी. तिच्या पल्याड शिकागोतली एक मास्तरीण आणि साबणाच्या वड्या आहेत, याची तेव्हा कुणाला कल्पना असणार?

आणि २०२५ च्या फेब्रुवारीत सीबीएसने ‘बियॉन्ड द गेट्स’ नावाची नवी दुपारची मालिका आणली. तासाची, आणि एका श्रीमंत कृष्णवर्णीय कुटुंबाभोवती फिरणारी. तिच्या निर्मात्यांच्या यादीत प्रॉक्टर अँड गॅम्बल आहे.